चुकीचा आकडा

"साफसफाई झाली की अजूनही पंचवीस वेफर फुकट घालवता म्हणे तुम्ही लोक," तिचे कारखान्यातले जुने सर म्हणाले आणि त्यांनी बिस्किट चहात बुडवलं. रविवारची दुपार होती. खिडकीतलं ऊन टेबलावरून सरकत साखरेच्या भांड्यापर्यंत पोचलं होतं, नवरा सोफ्यावर अर्धवट पेंगत होता, आतल्या खोलीत सासूबाईंचा रेडिओ बारीक आवाजात चालू होता. आणि अशा भरल्या पोटाच्या निवांत दुपारी तो आकडा खड्यासारखा तिच्या दाताखाली आला. पंचवीस! 'छे हो सर, पंचवीस कसले' एवढं वाक्य तिच्या तोंडात तयारच झालं होतं आणि खरा आकडा त्याच्या पाठीला पाठ लावून उभा होता. चुकीचा आकडा कानावर पडला आणि तिने तो दुरुस्त केला नाही असं आजवर झालेलं नव्हतं. दुकानात, बँकेत, लेकीच्या शाळेत, एकदा तर एका लांबच्या ओळखीतल्या माणसाच्या अंत्यविधीला, मयताचं वय दोन वर्षांनी कमी सांगणाऱ्या त्याच्या सख्ख्या मेहुण्यालाही तिने हळूच सुधारलं होतं. कारखान्यात तिला सगळे 'फूटपट्टी' म्हणायचे, तोंडावर म्हणायचे, आणि तिला ते आवडायचं. पण सरांनी बुडवलेलं बिस्किट वर काढलं नाही. ते मऊ पडलं, तुटलं, चहाच्या तळाला गेलं, तरी सरांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते तिच्याकडे बघत होते. तिने ते डोळे पाहिले आणि वाक्य गिळून टाकलं.

सरांचे डोळे तिला त्यांच्या चेहऱ्यापेक्षा जास्त ओळखीचे होते. संगणकाच्या चिप बनवायच्या कारखान्यात माणसाचं एवढंच दिसतं. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, टोपी, तोंडावर मास्क, हातात मोजे. कारण माणूस म्हणजे चालती-बोलती धूळ, आणि धुळीचा एक कण वेफरवर, म्हणजे चिप कोरायच्या सिलिकॉनच्या चकतीवर, बसला की महिनाभराची मेहनत पाण्यात. तिथे छतातून हवा सारखी खाली वाहत असते, भोकाभोकांच्या जमिनीतून निघून जाते, आणि त्या एकसुरी घरघरीत माणसं एकमेकांना चालीवरून आणि डोळ्यांवरून ओळखतात. नव्या नोकरीत पहिले कित्येक महिने तिने सरांचा पूर्ण चेहरा पाहिलाच नव्हता. मग एकदा जेवणाच्या खोलीत एक बारीक हनुवटीचा, ओठाखाली तीळ असलेला गृहस्थ तिच्यासमोर येऊन बसला आणि तिने त्याला विचारलं, आपण कुठल्या विभागात? सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. पण डोळे! ते चिडले की कसे दिसतात, एखादं यंत्र बिघडणार असं त्यांना आतून वाटतं तेव्हा कसे दिसतात, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. आणि आत्ता टेबलापलीकडे होते ते डोळे तिने फक्त एकाच जागी पाहिले होते, सकाळच्या बैठकीत, फळ्यापाशी. सर मुद्दाम एखादा चुकीचा आकडा फळ्यावर लिहायचे, काहीच झालं नाही अशा थाटात पुढे बोलत राहायचे आणि गळ टाकून बसलेल्या माणसासारखे वाट बघायचे, कोण ओढतंय.

त्यांचा नियमच होता तो. चुकीचा आकडा खोलीत राहू द्यायचा नाही. सांगणारा साहेब असो की कोणी असो, ज्याला चूक दिसली त्याने तिथल्या तिथे बोलायचं, मागून नाही, बाहेर नाही, आणि बोलणाऱ्यावर कोणी रागवायचं नाही. तिच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी फळ्यावर यंत्राच्या चेंबरमधला दाब लिहिला, दशांशचिन्ह एक घर सरकवून, आणि पंधरा-वीस अनुभवी माणसं गप्प बसली. काहींना दिसलं नव्हतं. काहींना दिसलं होतं, पण वाटलं, कशाला उगाच वाकड्यात शिरा. तिचा हात वर गेला. आवाज इतका चिरका निघाला की तिचं तिलाच हसू आलं. सर म्हणाले, "बरोबर. उद्यापासून तू माझ्याबरोबर." तेवढंच. पण त्या संध्याकाळी ती बस सोडून चालत घरी गेली होती, रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्याखालून, कारण बसमध्ये तो आनंद मावला नसता. पुढची सगळी वर्षं त्या हात वर करण्यातूनच आली. आणि आज तोच हात सर पुन्हा वर करायला लावत होते, तिच्याच घरात, तिच्याच कपातला चहा पीत.

"असेल," ती म्हणाली.

आतला रेडिओ बंद झाला. सासूबाईंचे कान या वयातही भलतेच तिखट होते; शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली तरी त्या मोजून सांगायच्या. "अगं, बरं वाटत नाहीये का तुला?" त्यांनी आतूनच विचारलं. "आजवर कधी 'असेल' म्हणाली नाहीस." नवरा डोळे न उघडता हसला. सरही हसले. मग कपातलं बिस्किट चमच्याने शोधत ते अगदी सहज म्हणाले, "आणि चेंबरही थंडच असताना सुरू करता ना? मला कोणीतरी सांगत होतं." हा दुसरा गळ. हा तर पहिल्यापेक्षा वाईट होता, कारण पहिल्या आकड्यात निदान जुनं सत्य होतं, सर नोकरीत होते तेव्हा खरंच तितके वेफर फुकट जायचे; पण थंड चेंबर म्हणजे शुद्ध अडाणीपणा. तिच्या तळहातांना खाज सुटली. तिने ते मांडीखाली दाबून धरले, शाळेतल्या मुलीसारखे.

गोष्ट खरं तर स्वयंपाकघरातल्या कोणालाही समजावी अशी. वेफरवर नक्षी कोरणारं यंत्र असतं, त्याचं पोट म्हणजे चेंबर. ते ठराविक काळाने धुवून-पुसून लख्ख करावं लागतं. पण लोखंडी तवा फार घासला की त्याच्यावर पहिलं जे टाकाल ते चिकटतं, तसं लख्ख चेंबर लहरी वागतं. सुरुवातीचे वेफर बिघडवतं. म्हणून आधी त्यात रिकामे, टाकाऊ वेफर फिरवायचे, त्याला तापवून 'मुरवायचं', आणि मग खरा माल घालायचा. जगभर हेच करतात. किती फिरवायचे, कसे, मध्ये चेंबरला किती विश्रांती द्यायची, कोणत्या वायूत, हे प्रत्येकाचं आपापलं, आणि तिथेच कारखाना तरतो किंवा बुडतो. सर निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी तिला एक गोष्ट सुचली. न्हाणीघरात, डोक्याला साबण असताना. ती इतकी साधी होती की आधी कोणाला कशी सुचली नाही याचंच नवल वाटावं. काय ते इथेही लिहिलेलं नाही. वाचणाऱ्याने राग मानू नये, घरच्यांनाही तिने सांगितलेलं नाही. पण त्या दिवसापासून त्यांच्या कारखान्यात बिघडणारा माल निम्म्यावर आला, आणि समुद्रापलीकडे अशाच इमारती, हीच यंत्रं विकत घेऊन बसलेल्यांना आपलं काय चुकतंय ते कळेना. कंपनीने पेटंटही घेतलं नाही, कारण पेटंट घ्यायचं म्हणजे सगळं छापून जगाला वाटायचं. तिला एक प्रशस्तिपत्र मिळालं. त्यावर कंपनीचं चिन्ह होतं, तिचं नाव होतं, आणि 'कशाबद्दल' या जागी 'विशेष कामगिरीबद्दल' एवढंच. सासूबाई ते पाहून म्हणाल्या, "म्हणजे काय केलंस तू?" ती म्हणाली, "विशेष." तेव्हापासून घरात, कोणी न सांगता भांडी घासली तरी, 'विशेष' म्हणायची पद्धत पडली.

तिला त्याचं वाईट वाटायचं नाही. हे खोटं वाटेल, पण खरंच वाटायचं नाही. रोज सकाळी कारखान्यात शिरताना, टोपीत केस कोंबताना, आत ते चेंबर आपल्या पद्धतीने मुरत असेल या विचारानेच तिला बरं वाटायचं. घरी झोपलेलं मूल आहे असं माहीत असताना बाहेर काम करताना वाटतं तसं. तिला नाव नको होतं, मानपान नको होता. फक्त एक होतं. सरांना कळायला हवं होतं. जगात एकच माणूस असा होता की ज्याने ते ऐकून 'बरोबर' म्हटलं असतं तर तिचं सगळं भरून पावलं असतं, आणि तो माणूस नेमका निवृत्त झाला होता. कंपनीबाहेरच्या माणसाला सांगायचं नाही म्हणजे नाही. किती वेळा मनातल्या मनात तिने ते त्यांना समजावून सांगितलं होतं, बसच्या रांगेत, दाढदुखीत दंतवैद्याच्या खुर्चीवर. आज दुपारी गॅलरीतून खाली पाहताना ती चाल दिसली, डावा खांदा जरा पुढे, आणि तिला वाटलं होतं, सर आले. आज नाही सांगता येणार, पण निदान समोर तर बसतील.

ते परदेशातल्या कुठल्याशा संस्थेचे सल्लागार झालेत हे तिने ऐकलं होतं. आज आल्या-आल्या त्यांनी स्वतःच सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काहीच नसल्यासारखं. मोठी संस्था, तिथल्या सरकारनेच उभी केलेली, पैशाला तोटा नाही, राहायला बंगली, भाषणाला टाळ्या. "तुलाही बोलावतील ते," सर म्हणाले होते. "चार व्याख्यानं द्यायची, हिंडायचं, यायचं. मी तुझं नाव सुचवलंय." तेव्हा तिला गुदगुल्या झाल्या होत्या, खोटं का बोला. दरवर्षी कारखान्यात सुरक्षा विभागाचा माणूस येऊन तासभर व्याख्यान द्यायचा. सगळे त्याला 'कुलूप' म्हणायचे, आणि ती मागच्या रांगेत बसून डोक्यात आपली गणितं सोडवायची. पण कानांना पापण्या नसतात. थोडं आत गेलंच होतं. हल्लीचा चोर कडी तोडत नाही, कुलूप सांगायचा, चहाला येतो. त्याच्यामागे एखादी कंपनी नसते, अख्खं परकं सरकार असतं, आणि सरकारला घाई नसते. तो तुमचं कौतुक करील, बोलावील, तुमच्या ओळखीतलाच कोणीतरी पाठवील. तो विचारणारसुद्धा नाही. चुकीचं बोलेल आणि गप्प बसेल. हुशार माणसाला चूक सहन होत नाही, तो आपणहून बरोबर काय ते सांगतो आणि सांगितल्याचं त्याच्या लक्षातही राहत नाही. तिला तेव्हा वाटलं होतं, असा कोण मूर्ख असेल! आता मांडीखाली तळहात दाबून बसलेल्या तिला कळलं की कुलूप तासभर तिचंच वर्णन करत होता.

आणि तरी मन असं चोरटं असतं की तेही वकिली करायला लागलं. सरच आहेत. परके का आहेत? तुला जे येतं त्याचा पाया त्यांनीच घातला. निम्मं तर त्यांचंच आहे. आणि एक आकडा तर सांगायचा, बाकीचं कुठे सांगतेस! पण आकडा एकटा येत नाही हे तिच्याइतकं कोणाला माहीत? एक धागा दिला की सर उरलेलं कापड स्वतः विणतील, तेवढी त्यांची बुद्धी होती. आणि मग समुद्रापलीकडची ती इमारत चालू लागेल, सरकारी पैशाने निम्म्या भावात माल विकू लागेल, आणि इथला कारखाना, ती घरघर, जेवणाची खोली, चालीवरून ओळखू येणारी ती शेकडो पांढरी माणसं, त्यांची घरं, हे सगळं हळूहळू बंद पडेल. कोणी आवाजही करणार नाही. रविवारी दुपारी एका बाईने 'छे हो' म्हटलं, एवढंच कारण.

नेमका तेव्हाच नवरा जागा झाला. तो सांध्यांचा व्यायाम शिकवणारा माणूस, दिवसभर लोकांचे गुडघे वाकवणारा, मनाने सरळ, आणि बायकोचं कौतुक करायची संधी कधीही न सोडणारा. "अहो सर, थंड कसलं घेऊन बसलात," तो उठून बसत म्हणाला, "तुम्ही गेल्यावर हिने ते सगळं उलटंपालटं करून..."

"बिस्किटं संपली," ती म्हणाली.

"आहेत की."

"संपली. खाली जाऊन आण. आणि आईंची औषधंही."

नवऱ्याने बशीतल्या बिस्किटांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणसाला कधी वाद घालायचा आणि कधी चपला घालायच्या हे कळतं. तो गेला. दार लागलं. खोलीत फक्त ती आणि सर उरले, आणि भिंतीपलीकडे कान टवकारलेल्या सासूबाई. सर टेबलावरच्या उन्हाकडे बघत होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं, आज पहिल्यांदाच नीट, आणि तिच्या लक्षात आलं की कॉलर आतून झिजलेली आहे, दाढी गालाच्या एका बाजूला राहून गेली आहे, आणि हनुवटी पूर्वीपेक्षाही बारीक झाली आहे. हा बंगलीत राहणारा, टाळ्या घेणारा माणूस वाटत नव्हता. तिला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. तिला फक्त भयंकर वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्याखाली, का कोण जाणे, एक स्वस्थपणाही होता. चुकीचा आकडा खोलीत होता, अजून हवेत होता, आणि तिने तो राहू दिला होता. तो टोचत होता. पण टोचलेलं सहन होतं, हा शोध तिला वयाच्या पन्नाशीनंतर लागत होता.

"निघतो," सर म्हणाले.

दारापाशी चपला-बुटांचं बुटकं कपाट होतं, त्यावर बसून ते बूट घालू लागले. वाकणं जमेना. ती न बोलता खाली बसली आणि त्यांच्या नाड्या बांधू लागली. मान खाली होती म्हणूनच बहुतेक बोलता आलं. "सर, तुम्ही आला होतात आणि काय विचारलंत, ते मी उद्या कारखान्यात सांगणार आहे. सुरक्षावाल्यांना. नावासकट."

तिने दुसऱ्या बुटाची नाडी घेतली. ती गाठ जरा जास्तच घट्ट झाली, तिने ती सोडवून पुन्हा बांधली.

"सांग," सर म्हणाले. मग थोड्या वेळाने, "तू 'असेल' म्हणालीस तेव्हाच मला कळलं. फळ्यासमोर वीस माणसं असायची, तू त्यांतली एकटी होतीस गप्प न बसणारी. तू गप्प बसलीस म्हणजे झाकायला काहीतरी मोठं आहे." त्यांचा आवाज बारीक झाला. "तूच केलंयस ना?"

"सर, नका विचारू."

"बरं. नाही विचारत." आणि त्यांनी आपला हात तिच्या डोक्यावर ठेवला, क्षणभरच. ज्या शब्दासाठी ती इतकी वर्षं थांबली होती तो त्यांनी उच्चारला नाही, उच्चारूच शकत नव्हते, कारण काय बरोबर आहे ते त्यांना माहीत नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने बाहीने पुसलं. तरी तिला खूप बरं वाटलं. सरांनी भिंतीचा आधार घेतला आणि उठायला लागले. "आता पुन्हा येऊ नका म्हणशील."

"या की. चौकशी होईल, काही दिवस जातील. पण नंतर या. फक्त कामाचं बोलायचं नाही."

सर अर्धवट उठलेल्या अवस्थेत तिच्याकडे बघत राहिले. "मग आपण बोलायचं काय?"

तिलाही सुचेना. हजारो तास ती या माणसाशी बोलली होती. दाब, तापमान, वायू, कण, टक्के. त्यांना बायको होती; बायको वारली तेव्हा ती भेटायला गेली होती आणि तिथेही पंपाबद्दल बोलून आली होती. त्यांना मुलं किती, ते सकाळी काय खातात, कशाला घाबरतात, तिला काहीच माहीत नव्हतं. त्यांना तरी तिचं काय माहीत होतं? तिला लेक आहे हे तरी?

"झोप लागते का हो नीट?" तिने विचारलं. सुचलं तेच विचारलं.

सरांनी भिंतीचा हात सोडला आणि ते पुन्हा कपाटावर बसले, बांधलेल्या बुटांसकट. "नाही लागत," ते म्हणाले. "सकाळी उठून जायचं कुठे ते माहीत नसलं की रात्री झोप येत नाही. निवृत्त झालो, आणि मला कोणी काही विचारेना. फोनच येईना. ही माणसं आली, त्यांनी विचारलं. दोन-दोन तास विचारायचे, लिहून घ्यायचे. चांगली माणसं नाहीत ती, कळत होतं मला. पण विचारायची." मग बुटाच्या टोकाकडे बघत ते बायकोबद्दल बोलू लागले. ती शेवटी-शेवटी त्यांना कारखान्यातलाच कोणीतरी समजायची आणि मास्क काढा म्हणायची. हे ऐकत ती कपाटाशेजारी जमिनीवरच मांडी घालून बसली. उद्या सांगायचं होतं ते ती सांगणारच होती, त्यात बदल नव्हता. पण उद्याला अजून वेळ होता.

जिन्यावर नवऱ्याची पावलं वाजली आणि आतून सासूबाईंनी हाक मारली, "अगं, सर गेले का?"

"नाही आई," ती म्हणाली. "आत्ताच आलेत."